षड्ऋतूंतील आंजर्ले : ऋतुचर्येचा एक प्रत्यक्ष पाठ

ऋतुचर्या हा आपणा सर्व वैद्यांच्या नित्य परिचयाचा विषय आहे. चरकसंहितेतील सूत्रस्थानाचा सहावा अध्याय, सुश्रुतसंहितेतील सूत्रस्थानाचा सहावाच अध्याय आणि अष्टांगहृदयातील तिसरा अध्याय आपण पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेले असतात. परीक्षेनंतर हे ज्ञान बहुधा दोन ठिकाणी उरते. एक म्हणजे दवाखान्याच्या भिंतीवरील तक्ता आणि दुसरे म्हणजे रुग्णांना वाटावयाचे पत्रक. पुणे, नागपूर, लातूर आणि रत्नागिरी या चारही ठिकाणी हा तक्ता अक्षरशः सारखाच आढळतो. परंतु या चार ठिकाणचे आकाश, भूमी आणि जल सारखे आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा.

हा प्रश्न मनात धरून प्रस्तुत लेखकाने दोन वर्षांच्या अवधीत एकाच गावास सहा ऋतूंत सहा वेळा भेट दिली. गाव रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातील आंजर्ले. पर्यटक येथे एकदा येतात, कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतात, समुद्रात पाय भिजवतात आणि परततात. वैद्याने मात्र अशा गावी सहाही ऋतूंत जावे. कारण येथे ऋतू डोळ्यांना दिसतो, जिभेला कळतो आणि नाडीतही उमटतो.

गाव आणि देश

आंजर्ले हे जोग नदीच्या मुखाशी वसलेले जुने गाव. एका बाजूस खाडी, समोर अरबी समुद्र आणि पाठीशी जांभ्या दगडाचा डोंगर. खाडीपलीकडे हर्णै बंदर आणि त्यासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग. पूर्वी हर्णैच्या बाजूने येणाऱ्यास तरीतून खाडी ओलांडावी लागे; आता पूल झाला आहे. डोंगरावरील सिद्धिविनायकाचे मंदिर ‘कड्यावरचा गणपती’ या नावाने महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. सध्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून मूर्ती उजव्या सोंडेची आहे. मूळ मंदिर समुद्रकाठी होते, ते पाण्याखाली जाऊ लागल्यावर देव कड्यावर आला, अशी आख्यायिका गावात सांगितली जाते. खडकातील देवाचे पाऊलही भाविकांना दाखविले जाते. आख्यायिकेचा भाग वेगळा ठेवला, तरी किनारा सरकतो ही जाण या गावाच्या स्मृतीत किती खोल आहे, हे त्यावरून लक्षात येते.

शास्त्रदृष्ट्या हा आनूप देश. विपुल जल, दाट वृक्षराजी, आर्द्र वायू आणि कफवातप्रधान व्याधींकडे कल ही आनूपाची लक्षणे येथे पावलोपावली भेटतात. दापोली परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाही पडत नाही. पुण्यातील रुग्णासाठी लिहिलेले पथ्य आंजर्ल्याच्या रुग्णास जसेच्या तसे देता येणार नाही, हे एवढ्या एका आकड्यावरूनही स्पष्ट व्हावे.

ग्रीष्म : वैशाख-ज्येष्ठ

मे महिन्यात आंजर्ल्याचा उन्हाळा देशावरील उन्हाळ्यासारखा कोरडा नसतो. पारा फार चढत नाही, पण अंगावरील घाम वाळत नाही. रौक्ष्याने होणारा वातसंचय ग्रंथात वर्णिला आहे. येथे त्याच्या जोडीस क्लेद असतो. त्यामुळे थकवा, घामोळे, दद्रु आणि मंदाग्नी घेऊन येणारे रुग्ण अधिक. केवळ ‘मधुर, शीत, स्निग्ध, द्रव’ एवढे सांगून भागत नाही. स्निग्ध आणि गुरू द्रव्यांचा हात येथे आखडता घ्यावा लागतो.

स्थानिक आहाराने याचे उत्तर केव्हाच शोधले आहे. ते म्हणजे कोकम, आपले वृक्षाम्ल. मे महिन्यात अंगणाअंगणांत रातांबे फोडलेले दिसतात. बिया काढून साले वेगळी करतात, ती रातांब्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवितात आणि मग त्यांची आमसुले होतात. बियांपासून घट्ट तेल निघते. पायांच्या भेगांवर ते तेल कोकणात घरोघरी वापरले जाते. आमसुलाची सोलकढी ही रुची आणि अग्नी यांना जागविणारी. येथील आर्द्र उन्हाळ्यात ती थंड दुधापेक्षा अधिक सात्म्य ठरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या कोकमाच्या जाती विकसित केल्या आहेत. औषधनिर्मात्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : पाऊस लवकर आला, तर आमसुले उन्हात पुरती वाळत नाहीत आणि त्यांस बुरशी धरते. त्या वर्षीचा माल घेताना ओलावा तपासूनच घ्यावा.

प्रावृट् आणि वर्षा : आषाढ ते आश्विन

येथेच तक्त्याची खरी परीक्षा होते. माघापासून दोन-दोन मासांचा एक ऋतू अशी गणना केल्यास ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म ठरतो. आषाढात आंजर्ल्यास जावे आणि हा ग्रीष्म आहे असे म्हणून दाखवावे! आकाश फाटल्यागत पाऊस, समुद्र गढूळ आणि खवळलेला, मासेमारीच्या नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या, खाचरांत भाताची लावणी चाललेली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. म्हणजे शासनालाही हा काळ वेगळा मानावा लागतो.

आपल्या आचार्यांना हा भेद ठाऊक होता. सुश्रुतांनी दोषांचा संचय, प्रकोप व प्रशम सांगताना दुसरी ऋतुगणना दिली. तीत शिशिर नाही आणि प्रावृट् आहे. आषाढ-श्रावण हा प्रावृट्, भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत, फाल्गुन-चैत्र वसंत आणि वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म. चक्रपाणींनी काश्यपाचे मत उद्धृत करून त्याचे कारणही नोंदविले आहे. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक, म्हणून तेथे प्रावृट् आणि वर्षा असे दोन ऋतू. उत्तरेस हिमालयामुळे थंडी अधिक, म्हणून तेथे हेमंत आणि शिशिर असे दोन. आंजर्ल्याच्या भूमीवर उभे राहून ही गणना पंचांगाशी ताडून पाहावी. ती जणू कोकणासाठीच लिहिली आहे असे वाटते. प्रस्तुत लेखातील ऋतूंची मांडणी म्हणूनच मुख्यतः या गणनेस धरून केली आहे. शिशिराचा विचार हेमंतासमवेत येईल.

या काळात वातप्रकोप आणि अग्निमांद्य यांचे चित्र दवाखान्यात रोज दिसते. लावणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभे राहणाऱ्या स्त्रियांचा कटिशूल, जुन्या संधिवाताची उचल, बोटांच्या बेचक्यांतील कुजणे आणि श्वासाचे वेग हे येथील नित्याचे रुग्ण. एक सूचना येथे आग्रहाने करावीशी वाटते. शेतात काम करणाऱ्या रुग्णास पावसाळ्यात तीव्र ज्वर, पोटऱ्यांत वेदना आणि नेत्रांत लाली असेल, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. त्यास विनाविलंब रक्ततपासणीसाठी आणि उपचारांसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. ज्वरचिकित्सेचा अभिमान बाळगताना या व्याधीत दवडलेला एक दिवसही महाग पडतो.

घरातील आहार मात्र शास्त्रानुरूपच असतो. गरम पेज, मऊ भात, कुळथाची पिठी, सुंठ आणि लसूण. रानभाज्यांचाही हाच काळ. टाकळा म्हणजे आपला चक्रमर्द. कोवळ्या भारंगीची कडसर भाजी, कुर्डू, फोडशी आणि करटोलीही याच दिवसांत येतात. टाकळा आणि भारंगी ही दोन्ही कफवातघ्न द्रव्ये ऐन गरजेच्या काळात उगवतात आणि ताटात येतात. चरकांनी कल्पस्थानात कोवळ्या शाखा-पत्रांच्या संग्रहासाठी वर्षा आणि वसंत हे ऋतू सांगितले आहेत. येथील गृहिणी तोच नियम न वाचता पाळते.

भाद्रपदात मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि घरोघरी गणपती बसतात. उकडीचा मोदक हा गुरू पदार्थ मंदाग्नीच्या दिवसांत कसा चालतो, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. मोदकावर सोडलेले साजूक तूप, हळदीच्या पानांत उकडलेले पातोळे आणि दुसऱ्या दिवशीचे ऋषिपंचमीचे हलके भोजन ही सर्व व्यवस्था एकत्र पाहिली, म्हणजे शंकेचे निरसन होते.

शरद : कार्तिक-मार्गशीर्ष

आश्विनाच्या मध्यास पाऊस ओसरतो आणि ऊन एकाएकी तापू लागते. भाताची कापणी याच उन्हात होते. पित्तप्रकोपाचे ग्रंथोक्त वर्णन येथे शब्दशः पटते : अम्लपित्त, शीतपित्त, डोळ्यांची आग, नाकातून रक्त येणे. विरेचनासाठी हाच काळ; मात्र हवेतील ओल पुरती गेल्यावरच ते द्यावे. आंजर्ल्यात ही ओल देशापेक्षा दोन-तीन आठवडे अधिक रेंगाळते. पुण्यात कोजागरीच्या आगेमागे ठरविलेले विरेचन येथे दिवाळीनंतर ठरविणे श्रेयस्कर, असा अनुभव येतो.

पर्यटनाच्या दृष्टीने हा सर्वांत देखणा काळ. समुद्र निवळतो, हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुन्हा गजबजतो आणि होडीने सुवर्णदुर्गास जाता येते. आंग्र्यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे. १७५५ साली कमोडोर जेम्स याच्या नौदलाने पेशव्यांशी झालेल्या करारानुसार ते तुळाजी आंग्र्यांकडून जिंकले. किनाऱ्यावरील कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे त्याचे सोबती. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या सुवर्णदुर्गात गोड्या पाण्याची सोय आहे, ही गोष्ट जलविचार शिकविताना सांगण्यासारखी आहे.

औषधनिर्मात्यांसाठी शरद विशेष महत्त्वाचा. कारण त्वक्, कंद आणि क्षीर यांच्या संग्रहाचा हा काळ. डोंगरउतारावर कुडा विपुल आहे. पांढरा कुडा हाच खरा कुटज. बाजारात त्याच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ सर्रास होते. झाडावर शेंगा असताना ओळख सोपी असते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या लोंबतात. पांढऱ्याचे बीज, म्हणजे इंद्रजव, कडू असते. काळ्याचे तसे नसते. साल विकत घेणाऱ्याने एकदा तरी झाडाखाली उभे राहून ही शेंग पाहावी.

हेमंत आणि शिशिर : पौष-माघ

कोकणात थंडी नसते, असे देशावरील मंडळी म्हणतात. आंजर्ल्याची पौषातील पहाट त्यांनी अनुभवावी. दिवसा मात्र ऊन चांगलेच जाणवते. म्हणून हेमंतातील बलवान अग्नी येथे मिळतो खरा, पण उत्तर भारतासारखा दीर्घकाळ टिकत नाही. वाजीकरण, रसायन आणि अवलेहांच्या योजनेस सहा-सात आठवडेच काय ते खऱ्या अर्थाने अनुकूल असतात. फाल्गुनापर्यंत भरपूर मात्रेत च्यवनप्राश चालू ठेवल्यास कफसंचयास आपणच हातभार लावतो.

वाड्यांत याच काळात सुपारी उतरते. नारळ-पोफळीच्या सावलीत काळी मिरी, जायफळ आणि दालचिनी ही आंतरपिके घेतली जातात. कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोकण सुगंधा’ व दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जात दिली आहे. जातीफल, जातीपत्री, त्वक् आणि मरिच ही आपल्या कितीतरी कल्पांतील द्रव्ये अशी एकाच वाडीत भेटतात. दूरच्या घाऊक बाजारातून अनेक हात फिरून आलेला माल घेण्यापेक्षा वाडीवाल्याशी थेट व्यवहार केल्यास द्रव्याचे वय, जात व संग्रहकाळ निश्चित कळतो आणि त्यासही रास्त भाव मिळतो. सुपारीविषयी मात्र स्पष्ट बोलावे. पूगफलास शास्त्रात स्थान आहे, परंतु ती सतत चघळण्याच्या सवयीस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीस कर्कजनक ठरविले आहे. आपल्या रुग्णांना हे सांगण्यात संकोच नसावा.

आंब्यास मोहोर येतो, माघी गणेशोत्सवात कड्यावर गर्दी होते आणि वाळूवर रात्री ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालण्यास येतात. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने कासव संवर्धनाचे कार्य उभे केले व २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. पुढे आंजर्ल्यातही ही चळवळ रुजली. एके काळी अंडी खाण्यासाठी वा विकण्यासाठी उकरली जात. आता गावकरीच ती कुंपणात सुरक्षित ठेवतात.

वसंत : फाल्गुन-चैत्र

सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळी समुद्राकडे सोडली जातात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक उष्ण असल्यास माद्या अधिक. ऋतुबदल गर्भावर कसा परिणाम करतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही गर्भसंभवाची सामग्री आपण शिकविली आहे. त्यांतील ऋतू आणि क्षेत्र या दोन्ही शब्दांना येथे निराळाच अर्थ चढतो.

शिमगा हा कोकणचा सर्वांत मोठा सण. पालख्या नाचतात, होम पेटतो, रात्ररात्र जागरण होते. कफविलयनाच्या काळात व्यायाम, जागरण आणि अग्निसान्निध्य यांची ही सामुदायिक योजनाच म्हणावी. त्याचबरोबर धूर आणि रात्रीची दमट हवा यांमुळे श्वासाचे रुग्ण वाढतात, हेही ध्यानात ठेवावे.

वासंतिक वमनाची शिबिरे आपण सर्वत्र हौसेने भरवितो. त्यांची तिथी मात्र सर्वत्र एकच धरली जाते. आंजर्ल्यात पळस, पांगारा आणि काटेसावर फाल्गुनातच फुललेले दिसतात, कफोत्क्लेशाचे रुग्णही त्याच सुमारास सुरू होतात आणि चैत्राच्या उत्तरार्धात उकाड्याने बल घटू लागते. म्हणजे येथील वमनाचा काळ थोडा आधी येतो आणि लवकर संपतो. ऋतू पंचांगातील मासावरून न ठरविता त्याच्या लक्षणांवरून ठरवावा, एवढेच यातून घ्यावयाचे.

ऋतुसंधी आणि ३ जून २०२०

ऋतूचा शेवटचा सप्ताह व पुढील ऋतूचा पहिला सप्ताह मिळून ऋतुसंधी होतो. या काळात सावध राहावे, असे वाग्भटांनी बजावले आहे. ३ जून २०२० रोजी, ग्रीष्म आणि प्रावृट् यांच्या नेमक्या संधीवर, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दापोली व मंडणगड तालुक्यांनाही त्याचा जबर तडाखा बसला. आंजर्ले परिसरातील नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, वीज दीर्घकाळ नव्हती आणि भोवती करोनाची साथ होती. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले.

पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. जुनी वाडी पडली की तिच्या सावलीत वाढलेले जायफळ आणि मिरीचे वेलही जातात. बाजारभावाच्या तक्त्यात हे दिसत नाही. वाडीत उभे राहिल्यावर दिसते. त्यानंतर काही घरांनी पुन्हा लागवड केली, काहींनी जमीन विकली. वाडी गेली म्हणजे तीतील द्रव्ये जातात आणि कोणत्या झाडाची साल कधी काढावी हे सांगणारी म्हातारी माणसेही निरुद्योगी होतात. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांची विकृती सांगितली आहे. ती विकृती आपल्या पिढीस प्रत्यक्ष पाहावी लागत आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

व्यवसायबंधूंना सूचना

कोकण रेल्वेच्या खेड स्थानकावरून दापोलीमार्गे आंजर्ल्यास जाता येते. गावात घरगुती निवासाची व भोजनाची सोय होते. शिमगा, माघी उत्सव आणि कासव महोत्सव या काळांत आधी कळवून जावे. आषाढात जाणाऱ्याने समुद्रात उतरू नये आणि घाटातील दरडींची माहिती घेऊनच निघावे.

जाताना तीन गोष्टी कराव्यात. पहिली, सोबत एक वही ठेवून प्रत्येक भेटीत आकाश, वायू, जल, ताटातील पदार्थ आणि आढळलेले व्याधी यांची नोंद करावी. दुसरी, परतल्यावर आपल्या गावाच्या देशानुसार ऋतुचर्येचे पत्रक नव्याने लिहावे. मासांच्या नावांपुढे लक्षणे लिहावीत. तिसरी विशेषतः औषधनिर्मात्यांसाठी : निदान एका द्रव्याची खरेदी उत्पादकाकडून थेट करावी, तीही योग्य ऋतूत, आणि पोत्यावर संग्रहाचा महिना नोंदवावा. भारंगीसारख्या द्रव्याचे मूळ काढल्यावर झाडच जाते. तेव्हा त्याच्या लागवडीचा आग्रहही खरेदीदारानेच धरावयास हवा.

ज्यांना आंजर्ले दूर पडते, त्यांनी आपल्या जिल्ह्यातील एखादे जुने गाव निवडावे. नदीकाठचे असो, गडाखालचे असो वा माळावरचे. तेथे सहाही ऋतूंत जावे आणि आपल्या नोंदी या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात. चार-पाच वर्षांत महाराष्ट्रातील निरनिराळ्या देशांची ऋतुचर्या आपल्या हाती येईल आणि भिंतीवरील तक्ता तरुण वैद्यांना अधिक उपयोगी होईल.